एकोणीस अंश

उपाहारगृहातल्या जाड खांबाला वळसा घालून बाई आपल्या नेहमीच्या टेबलाकडे निघाल्या होत्या, तेवढ्यात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "पुन्हा बघा. मी म्हणते म्हणून नको, चूक आहे म्हणून बघा." त्या जागच्या जागी थबकल्या. ट्रेमधलं सूप वाटीच्या काठापर्यंत जाऊन परत आलं. आवाज खांबापलीकडून येत होता आणि इतका हुबेहूब होता, की क्षणभर वाटलं, आपण तिकडे बसलो आहोत आणि इकडे ट्रे घेऊन भलतंच कुणी उभं आहे. मग हशा उसळला. चार-पाच जण असावेत. "चष्म्याचं कर, चष्म्याचं!" कुणीतरी म्हणालं. पलीकडे एकदम सामसूम झाली, आणि त्या सामसुमीत बाईंना न बघताही दिसलं, की नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला जातोय, कागद हातभर लांब धरला जातोय, ओठ मुडपले जातायत. "हंऽ," नाकातून एक बारीक श्वास सोडून तो आवाज म्हणाला, "हे तुम्ही केलंत? स्वतः?" आता टेबल बडवल्याचा आवाज आला. नक्कल करणारी नवी होती. तिला विभागात येऊन तीन वर्षं झाली होती, तरी सगळे तिला नवीच म्हणत. बाईंनी ट्रे तसाच उष्ट्या भांड्यांच्या गाड्यावर ठेवला आणि न जेवता जिना चढल्या. जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की जिव्हारी लागलंय ते हसणं नाही. पाठीमागे लोक आपल्याला हसतात, आपल्याला खवीस म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. किंबहुना त्यात त्यांना एक आंबट समाधानही होतं. लागलं होतं ते बघणं. त्या बारीक श्वासापर्यंत, ओठांच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत कुणीतरी आपल्याला इतकं निरखून बघत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत कुणी आपल्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं होतं? कुणीच नाही.

खोलीत येऊन त्यांनी दार लावलं. समोरच्या पडद्यावर सकाळपासून एक तांबडी रेघ वर चढत होती. सूर्यावर स्फोट झाला होता आणि तिथून सुटलेला वाऱ्याचा लोंढा दोन दिवसांत यानापर्यंत पोचणार होता. यान म्हणजे कपड्यांच्या ट्रंकेएवढी एक पेटी. तिच्याभोवती दोन किलोमीटर रुंदीचं, करंगळीहून बारीक तारेचं एक कडं, पेटीला लांबलचक दोऱ्यांनी बांधलेलं. गोठवणाऱ्या थंडीत त्या तारेतून वीज एकदा फिरू लागली, की न थकता फिरत राहते. तिच्याभोवती चुंबकाचं एक अदृश्य शीड उभं राहतं, आणि सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा त्या शिडावर आपटून बाजूला वळतो. वळताना ढकलतो. ढकलतो म्हणजे किती, तर एखादं सफरचंद तळहातावर ठेवल्यावर जाणवेल इतकंच; पण रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. कडं वाऱ्याला सरळ सामोरं धरलं की पेटी सूर्यापासून दूर जाते, जरा कलतं धरलं की बाजूलाही सरकते. हे कलतं धरणं म्हणजे सुकाणू, आणि गेले चौदा महिने ते सुकाणू बाईंच्या हातात होतं. दोऱ्या किती आखडायच्या, किती सैल सोडायच्या, कडं किती अंशांत कलवायचं, यातली एकही आज्ञा बाईंच्या सहीशिवाय वर जात नसे. वर्षाअखेरीस पेटीला एका लघुग्रहाच्या कुशीजवळून जायचं होतं. सहा वर्षं विभागातल्या चाळीस माणसांनी त्या दगडाचे फोटो काढायची स्वप्नं पाहिली होती. कुणीतरी त्याचं चित्र शौचालयाच्या दारावरसुद्धा चिकटवलं होतं.

तीन वाजता नवी आली. हातात कागद, चेहऱ्यावर कशाचाही मागमूस नाही. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, आता ही आपलं पाहणंसुद्धा टिपून घेतेय. उद्या हेही करून दाखवील. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता तो त्यांनी मुद्दाम वर सारला.

"मॅडम, लोंढ्याच्या वेळी आपण विजेचा प्रवाह उतरवायचं ठरवलंय ना, तो नका उतरवू," नवी म्हणाली. "प्रवाह तसाच राहू दे. फक्त लोंढा यायच्या आत कडं एकोणीस अंशांवर कलवायचं. मग दोन दिवसांत महिनाभराची ढकल मिळते, आणि हवी त्या बाजूला. दगड अलगद गाठता येईल."

"दोऱ्या तुटतील."

"नाही तुटणार. तुटतील असं तुमच्या जुन्या सूत्रात येतं. पण ते सूत्र उड्डाणाच्या आधीचं आहे. मी चौदा महिन्यांचे खरे ताण घेतलेत. तिसरा हिस्सा ताकद शिल्लक उरते."

"तुमच्या जुन्या सूत्रात" असं म्हणताना ती जराही चाचरली नव्हती. बाईंनी कागद हातभर लांब धरला, मग तसा धरल्याचं लक्षात येऊन जवळ घेतला, आणि जवळून अक्षरं दिसेनात. "ठेवून जा," त्या म्हणाल्या. त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात येणारं प्रत्येक वाक्य आधीच कुणीतरी म्हणून झाल्यासारखं वाटत होतं. "पुन्हा बघा" म्हणायचीही सोय उरली नव्हती. आपलीच भाषा आपल्याला उष्टी झाली, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि डोक्यात तिडीक गेली.

त्यांनी गणित तपासायला घेतलं ते चूक काढायच्याच इराद्याने. हा इरादा त्यांना चांगला ओळखीचा होता. लहानपणी सुट्टीच्या दिवशी वडील त्यांना बरोबर न्यायचे. वडील वजनमाप निरीक्षक होते. मखमली खाचांच्या लाकडी पेटीत त्यांची पितळी वजनं असत, आणि दुकानात शिरले की ते आधी एक शब्दही बोलत नसत. पेटी गल्ल्यावर ठेवायची, कुलूप उघडायचं, चष्मा खाली ओढायचा. दुकानदाराच्या कपाळावर घाम फुटायचा तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर एक शांत तकाकी यायची. बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. एका दुकानदारीणबाईने त्यांच्या हातात एक गोळी ठेवली होती. वडिलांनी ती तोंडातून काढायला लावून गल्ल्यावर ठेवायला लावली. ओली, लाल, अर्धी विरघळलेली गोळी. "हंऽ," म्हणाले होते वडील, नाकातून श्वास सोडून. काट्यात फरक सापडला की घरी येताना ते गुणगुणायचे. न सापडला तर जेवताना पाण्याच्या पेल्यावरून आईला टोचून बोलायचे. आई लवकर गेली. तिला कदाचित तेवढं एकच दार उघडं होतं. बाईंनी तीन ठिकाणी पेन्सिलीची टोकं रोवली आणि तिन्ही ठिकाणी नवी बरोबर निघाली. शेवटी साडेपाचला त्यांनी सगळं गणित स्वतःच्या पद्धतीनं, अगदी मुळापासून, विभागाच्या मोठ्या संगणकावर चालवलं. उत्तर आलं एकोणीस अंश, आणि मागे दशांशात जरा काही. दोऱ्यांची ताकद तिसऱ्या हिश्शानं शिल्लक. चूक होती ती त्यांच्याच जुन्या सूत्रात, आणि अशी होती की आठ वर्षांपूर्वी त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी ती केली असती तर बाईंनी त्याला जन्मभर विसरू दिली नसती.

घरी वडील खुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पांघरूण गुडघ्यांवर, रेडिओ मोठ्यानं. दोघं एकाच घरात राहत आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरून एकमेकांशी भांडत. बाकीचं घर त्यांना शांततेसाठी लागे. "सूप गार आहे," वडील म्हणाले.

"आत्ता उतरवलंय, बाबा. वाफ दिसतेय."

"वाफ दिसते म्हणजे गरम असतं असं नाही. पुन्हा बघ."

बाईंनी वाटी उचलली, मोरीत उपडी केली आणि रिकामी वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. वडिलांनी तिच्यात डोकावून पाहिलं. कुणाला काही सिद्ध करायचं असावं तसे दोघं बराच वेळ त्या वाटीकडे बघत बसले. मग बाईंनी दुसरं सूप गरम केलं. चमचा हलवताना त्यांना कळत होतं की नवीनं जी नक्कल केली ती आपली नव्हतीच. तो श्वास या खुर्चीतल्या माणसाचा होता. आपण इतकी वर्षं दुसऱ्याचाच आवाज वापरत होतो, आणि आपला म्हणून हसं झालं ते त्याचं. पण या कळण्यानं राग उतरला नाही. उलट त्याला दोन माणसं मिळाली.

सकाळी विभागात सगळे उभे होते. प्रमुख, गोल चेहऱ्याचे, कुणालाही न दुखावता निवृत्त व्हायची घाई झालेले गृहस्थ, हात चोळत म्हणाले, "मग, काय करायचं?" नवी खिडकीपाशी होती. बाईंच्या टेबलावर दोन आज्ञा छापून ठेवल्या होत्या. एक कडं कलवण्याची. दुसरी विजेचा प्रवाह उतरवण्याची, म्हणजे शीड मिटून लोंढा अंगावरून जाऊ देण्याची. मिटलेलं शीड पुन्हा उभं करायला पेटीवरच्या चिमुकल्या सौरपट्ट्यांना सात आठवडे लागले असते. बाईंनी पेन उघडलं. त्या वेळी त्यांना खूप काही वाटत होतं असं नाही. मन विलक्षण स्वच्छ होतं, पुसलेल्या काचेसारखं, आणि त्या काचेतून एक गोष्ट लख्ख दिसत होती: सावधगिरीबद्दल आजवर कुणाला कुणी जाब विचारलेला नाही. त्यांनी दुसऱ्या कागदावर सही केली.

"मॅडम," नवी पुढे आली. "माझं गणित पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग चूक कुठे आहे?"

"जोखीम आहे," बाई म्हणाल्या.

"मी जोखीम नाही विचारली. चूक विचारली."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. टक्‌ असा आवाज झाला. "आज्ञा पाठवा," त्यांनी पलीकडच्या माणसाला सांगितलं.

लोंढा आला आणि गेला. त्याचं शिखर वादळी तांबडं होतं, आणि पडद्यावर पेटी त्यातून प्रवाहात टाकलेल्या बुचासारखी, काही न घेता, काही न देता, बाहेर आली. दोऱ्या शाबूत. प्रमुखांनी पेढीवरच्या माणसासारखं हसत सगळ्यांचे हात हातात घेतले. पाचव्या आठवड्यात हिशेब स्पष्ट झाला: पेटी लघुग्रहापासून नऊ लाख किलोमीटर अंतरावरून जाणार. इतक्या लांबून तो दगड म्हणजे फोटोतला एक ठिपका, आणि तोही शेजारच्या चार ताऱ्यांपासून वेगळा ओळखू न येणारा. शौचालयाच्या दारावरचं चित्र कुणीतरी काढून टाकलं. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले. बाई आता उपाहारगृहात खांबाच्या अलीकडे बसोत की पलीकडे, सगळीकडे सारखीच शांतता असे. कुणी त्यांची नक्कल करत नव्हतं. त्यांना हवं होतं ते हेच, असं त्या स्वतःला सांगत, आणि जेवण गिळत. मोकळ्या वेळात त्यांचं लक्ष नकळत नवीच्या टेबलाकडे जाई. ती हसताना दिसली की बाईंना चीड येई, आणि हसेनाशी झाली तेव्हा त्याहून जास्त आली.

एका दुपारी नवीनं दार न वाजवता आत येऊन ते मागे लावलं. "त्या दिवशी साडेपाचला तुम्ही माझं गणित मोठ्या संगणकावर चालवलं होतंत," ती म्हणाली. "नोंद राहते तिथे. मी काल उघडून पाहिली. तुमची पद्धत वेगळी आहे, माझ्यापेक्षा चांगली आहे. उत्तर तेच आलंय."

बाईंनी समोरची फाईल मिटली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

नवी बहुधा 'नाही' ऐकायची तयारी करून आली असावी. हो ऐकल्यावर तिला हात कुठे ठेवायचे ते कळेना. "त्या दिवशी जेवताना तुम्ही खांबामागे होतात," ती जरा वेळानं म्हणाली. "मला नंतर कळलं. गाड्यावर भरलेलं सूप होतं, आणि तुम्हाला न जेवता जिना चढताना कुणीतरी पाहिलं होतं. म्हणून?"

"बाहेर जा," बाई म्हणाल्या.

"चाळीस माणसांची सहा वर्षं, मॅडम. एका सूपच्या वाटीसाठी."

"बाहेर जा म्हटलं ना!" बाई ओरडल्या, आणि ओरडताना त्यांना ऐकू आलं की हा आवाज मात्र कुणाचाच नाही, तो घशात कुठेतरी फाटला होता. नवी गेली. तिनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बाई आठवडाभर वाट बघत होत्या. ही आपल्यावर दया करतेय की आपल्याला शिजत ठेवतेय, हे त्यांना ठरवता येईना, आणि दोन्हींचा त्यांना सारखाच तिरस्कार वाटला.

मग आढावा बैठक झाली. वरून तीन माणसं आली होती आणि एक टिपणं घेणारी बाई. प्रमुख फार गोड बोलत होते. लघुग्रह हुकला हे दुर्दैव. पण यान वाचलं, आणि ते सुकाणू सांभाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सावधपणामुळे. "एक धाडसी पर्याय सुचवण्यात आला होता," नवीकडे न बघता ते म्हणाले. "परंतु त्या गणितात काही त्रुटी आढळल्यानं तो बाजूला ठेवावा लागला." टिपणं घेणारी बाई लिहू लागली. नवी टेबलाच्या कडेला नखानं कोरत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं तोंड उघडलं नाही. बाईंची नजर त्या लिहिणाऱ्या हातावर होती. त्रुटी आढळल्यानं. तीन शब्दही नव्हते, पण ते कागदावर उतरत होते आणि ते खोटे होते. बाईंच्या आत काहीतरी असह्य खाजलं. नवीबद्दल त्यांना त्या घडीला कणभरही माया नव्हती. ती नोकरी सोडून गेली असती तर त्यांनी खिडकी उघडून श्वास घेतला असता. पण चुकीचं माप चुकीचं माप होतं.

"त्रुटी नव्हती," त्या म्हणाल्या.

प्रमुखांचं हसू तसंच राहिलं. "म्हणजे, थोडीफार अनिश्चितता..."

"अनिश्चितता नव्हती. गणित बरोबर होतं. मी ते स्वतः तपासलं होतं, आदल्या दिवशी. माझं जुनं सूत्र चुकीचं आहे. तेही लिहून घ्या."

वरून आलेल्यांपैकी मधले गृहस्थ पुढे झुकले. "मग तुम्ही प्रवाह उतरवायची आज्ञा का दिलीत?"

"मला तिचा राग आला होता."

टिपणं घेणाऱ्या बाईनं मान वर केली. कुणीतरी खोकलं. "हे," ते गृहस्थ अडखळले, "हे असंच नोंदवायचं का?"

"जसं आहे तसं."

बाईंना सुकाणूवरून काढलं. हाकललं नाही, कारण तेवढं धाडस कुणात नव्हतं आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. तळमजल्यावर एक खोली दिली, जिथे दुसऱ्यांची जुनी कागदपत्रं तपासायची. सुकाणूची खुर्ची नवीला मिळाली. निघताना जिन्यात दोघींची गाठ पडली. बाईंच्या हातात खोक्यात भरलेलं सामान होतं. "तुम्ही खरं बोललात म्हणून मी तुमचे आभार मानीन असं वाटत असेल तर तसं नाही," नवी म्हणाली. "तुमच्यासाठी नव्हतं ते," बाई म्हणाल्या, आणि खोकं सावरत खाली उतरल्या. ते खरंच होतं. घरी वडिलांना त्यांनी सगळं सांगितलं. का सांगितलं ते त्यांनाही उमगलं नाही. वडील ऐकत होते, पांघरुणाची दशी ओढत. "पस्तीस वर्षांत मी एकदाही माझा शेरा मागे घेतला नाही," ते शेवटी म्हणाले.

"बाबा, एखाद्याचा काटा बरोबर होता आणि तरी तुम्ही मोडलात, असं कधी झालं का?"

वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला.

पेटी मात्र वर चालतच राहिली. शीड पुन्हा उभं राहिलं, आणि विभागाला वाटेवरचा दुसरा एक दगड सापडला. लहान, वेडावाकडा, तीन वर्षांवर. त्याच्याकडे वळायचं तर वाऱ्याच्या पुढच्या लोंढ्यात कडं योग्य बाजूला कललं पाहिजे होतं. तो लोंढा सुटला त्या सकाळी तळमजल्यावरचा फोन वाजला. "सहा पानं पाठवलीत," नवीचा आवाज म्हणाला. "तपासून हवीत. दहाच्या आत."

"माझ्याकडून?"

"मला तुम्ही आवडत नाही. पण इथं बाकीचे सगळे पहिल्या पानावरच छान म्हणतात." फोन बंद झाला.

बाईंनी पानं टेबलावर पसरली. चौथ्या पानापर्यंत सगळं चोख होतं, आणि त्यांना माहीत होतं ते असणार. पाचव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, उण्याच्या जागी अधिक पडलं होतं. इवलीशी एक उभी रेघ जास्त. तेवढ्यानं कडं उलट्या बाजूला कललं असतं आणि पेटी दगडापासून कायमची दूर गेली असती. बाईंच्या छातीत काहीतरी गरम होऊन वर चढू लागलं. ती तकाकी त्यांना आता चेहऱ्यावर जाणवत होती, आरशाची गरज नव्हती. त्यांना कुणाला काही करायचं नव्हतंच. नुसतं गप्प बसायचं होतं. पानं परत पाठवायची, खाली सही, आणि नंतर म्हणायचं, माझ्या नजरेतून सुटलं, वय झालं. नवीची खुर्ची, नवीचा आवाज, नवीचं ते न वाजवता उघडलेलं दार, सगळं त्या एका उभ्या रेघेवर टांगलं होतं. घड्याळात साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. खिडकीबाहेर फक्त लोकांचे पाय दिसत, येणारे, जाणारे. हा आनंद आहे, बाईंनी स्वतःशी म्हटलं, आणि हा असाच येत राहणार, मी मरेपर्यंत. याला काही करता येणार नाही. त्यांनी फोन उचलला.

"पाचवं पान. खालून तिसरी ओळ. उणे हवं, अधिक पडलंय."

पलीकडे कागद सळसळले. बाईंना नवीचा श्वास ऐकू येत होता, वरवरचा, घाबरलेला.

"हो," नवी म्हणाली. "हो. आहे." मग आवाज पूर्ववत करून, "अजून?"

"अजून काही नाही. बाकी बरोबर."

"ठीक," म्हणून तिनं फोन ठेवला. आभार नाहीत, काही नाही. आज्ञा किती वाजता गेली हे बाईंना कुणी कळवलं नाही. सव्वाअकराला वरच्या मजल्यावरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, तेव्हा गेली असावी असं त्यांनी धरलं. पेटी इतकी लांब होती की आज्ञा पोचायला तेरा मिनिटं लागत. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती तेरा मिनिटं मोजली, तिथं दोऱ्या आखडून कडं वाऱ्यात कलतं व्हायला आणखी दोन धरली, आणि पुढची फाईल उघडली.